कुठंय? कुठंय?

दिवेलागणीच्या आधी अर्धा तास मी पितळेचा डबा घेऊन गोठ्यामागच्या शेडपाशी जाते. डब्यात मूठभर राळा असतो. तीनदा खुळखुळवायचा, थांबायचं, परत तीनदा. मग अंजिराच्या बागेतून, बांधापलीकडच्या माळावरून, कधी शेजारच्या कांद्याच्या वाफ्यांतून करड्या ठिपक्यांच्या गिनी कोंबड्यांची एक रांग पळत येते. माना पुढे काढलेल्या, पाठी गोल, आणि पाय इतके भराभर चालतात की ते दिसतच नाहीत. उतारावरून कुणीतरी मडकी घरंगळत सोडली आहेत असं वाटतं. मी दाराशी उभी राहून मोजते. मोजून होईपर्यंत कुणाशी बोलत नाही. फोन वाजला तर वाजू देते.

दोन वर्षांपूर्वी पुण्यातली शिक्षिकेची नोकरी संपली आणि मी सासवडच्या पलीकडे, सासरच्या शेतावर कायमची राहायला आले. चार एकर जमीन, त्यात दीड एकर अंजीर, बांधाला सीताफळं, दोन गाई आणि आत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. ऐंशी ओलांडली आहे, पण कोंबड्या डालायचं काम अजून त्यांनी कुणाकडे दिलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात गोठ्यातल्या वैरणीत घोणस निघाली. ह्यांनी कुठूनसं ऐकून आणलं की गिनी कोंबड्या पाळल्या तर साप लांबूनच कळतो. साप दिसला की त्या सगळ्या मिळून त्याच्याभोवती कोंडाळं करतात आणि आभाळ डोक्यावर घेतात. बारामतीकडे एका ओळखीच्या शेतकऱ्यांकडे त्यांचा मोठा थवा होता. त्यांनी अठरा अंडी दिली आणि देताना म्हणाले, "वाढवाल तुम्ही ताई, त्यात काही नाही. पण सोडाल तेव्हा जपून सोडा. ह्या जातात." जातात म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही. तेव्हा ते विचारावं इतकं महत्त्वाचं वाटलं नाही.

अंडी हातात घेतली आणि नवल वाटलं. कोंबडीच्या अंड्यापेक्षा लहान, एका टोकाला चांगली निमुळती, आणि कवच इतकं जाड की दोन अंडी एकमेकांवर हलकेच आपटली तर गोट्यांसारखा आवाज येतो. उबवत ठेवलेलं कोंबडीचं अंडं अंधारात टॉर्चवर धरलं की आतली लाल जाळी दिसते. इथे तपकिरी कवचातून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आत्यांची तांबडी कोंबडी खुडूक होती, म्हणजे अंड्यांवर बसायला तयार. पाडव्यानंतर चौथ्या दिवशी पाटीत साळीचं तूस घालून तिच्याखाली अंडी मांडली.

कोंबडीची पिल्लं एकविसाव्या दिवशी निघतात. गिनीच्या अंड्याला २६ ते २८ दिवस लागतात. तांबडीला हे कोण सांगणार? बावीस उलटले, तेवीस उलटले, तशा आत्या अस्वस्थ व्हायला लागल्या. "तिचा हिशेब झाला गं. आता उठंल ती." सकाळ-संध्याकाळ त्या पाटीपुढे बाजरी आणि पाण्याची वाटी स्वतः नेऊन ठेवायच्या, म्हणजे तिला उठावं लागू नये. तांबडी उठली नाही. अक्षय्य तृतीयेला पहाटे पहिलं अंडं टिचलं. दुपारपर्यंत चौदा पिल्लं बाहेर होती. अंगावर तपकिरी-पिवळे पट्टे, पाय आणि चोच केशरी, आणि अंग वाळायच्या आतच पळायची घाई.

पहिल्या आठवड्यात दोन गेली. एक माझ्यामुळे. पाण्याची वाटी मी नेहमीच्या पिल्लांना ठेवतात तशीच ठेवली होती, आणि हे पिल्लू तर त्यांच्याहूनही लहान. सकाळी ते वाटीत पालथं पडलेलं मिळालं. पाणी बोटभरसुद्धा नव्हतं. त्या दिवसापासून वाटीत नदीतले गोटे भरले, नुसत्या फटींतून पाणी दिसेल एवढे. दुसरं वळवाच्या रात्री गारठून गेलं. या पिल्लांना ओल अजिबात सोसत नाही. मोठेपणी हाच पक्षी कडक उन्हात, पावसात, काट्याकुट्यात मजेत राहतो, पण पिसं फुटेपर्यंत ओलं गवतसुद्धा त्याला मारू शकतं. म्हणून तांबडीला आणि तिच्या बाराजणांना आम्ही शेडमध्येच ठेवलं. खाली गोणपाट, कोपऱ्यात बल्ब. वर्तमानपत्र घालायचं नाही, त्यावर पाय घसरून पायच फाकतात आणि मग ते पिल्लू कधी नीट उभं राहत नाही. खाणं साध्या पिल्लांपेक्षा जास्त प्रथिनांचं लागतं. उकडलेलं अंडं कुस्करून द्यायचो. आत्यांनी त्यांचा जुना उपाय काढला: मडक्यात शेण आणि पाचट भरून ते बांधावर पालथं घालून ठेवायचं आणि तिसऱ्या दिवशी उचलायचं. खाली वाळवीच वाळवी. ती त्या पिल्लांपुढे झटकायच्या, आणि बारा चोचींची जी टपटप चालायची ती ऐकत मी बसून राहायचे.

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या आणि कडुनिंबावर हुमणीचे भुंगेरे आले. दर वर्षी येतात. रात्री फांद्या हलवून ते पाडायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, अशी रीत. त्या वर्षी आम्ही ते कोरड्या बादलीत गोळा केले आणि सकाळी शेडमध्ये नेले. डबा वाजवायची सवय तेव्हाची. आधी डबा, मग भुंगेरा. आधी डबा, मग राळा. काहीही चांगलं येणार असेल तर आधी डबा वाजणार, आणि डबा वाजला तर काहीतरी चांगलं येणारच. एकदाही खोटा वाजवायचा नाही. वर्गात मुलांना सांगितलेली गोष्ट पाळली नाही तर पुढची दहा ऐकली जात नाहीत, हे मी तीस वर्षं पाहिलं होतं. ते इथे कामी आलं.

आठव्या आठवड्यात त्यांना आवाज फुटला. माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला मुक्कामाला होती. आत्या दर्शनाला गेल्या होत्या, संध्याकाळी परतल्या, पायरीवर टेकल्या आणि कान देऊन म्हणाल्या, "कुणाला शोधत्यात गं ह्या? सारखं आपलं कुठंय, कुठंय."

मी ऐकलं आणि त्यानंतर मला दुसरं काही ऐकूच येईना. मादीचा आवाज दोन तुकड्यांचा असतो, दुसरा तुकडा वर चढणारा. कु-ठंऽय? कु-ठंऽय? नराला तो काढता येत नाही. तो एकच अक्षर कर्कश, भराभर उडवत राहतो. मादी प्रसंगी नरासारखी ओरडते, पण नर मादीसारखा कधीच नाही. नर कोण आणि मादी कोण हे ओळखायची खात्रीची खूण हीच, एरवी दोघं दिसायला सारखेच. ग्रीक पुराणात म्हणे मेलिआग्रोस नावाचा वीर मेला तेव्हा त्याच्या बहिणी इतक्या रडल्या की देवीनं त्यांचे पक्षी केले आणि आसवं ठिपके होऊन पिसांवर राहिली. या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात तो मेलिआग्रोस अजून आहे. ज्या कुणी ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली असेल त्यानं हा आवाज नक्की ऐकला असणार.

हा पक्षी मूळचा आफ्रिकेतल्या गवताळ माळांचा. दिवसभर थव्यानं जमिनीवर चरायचं, रात्री थव्यानं झाडावर बसायचं. ग्रीक-रोमनांच्या काळापासून माणसानं तो पाळला आहे. आपल्याकडे बरेलीजवळच्या इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे, तिथे त्याच्या कादंबरी, चितंबरी, श्वेतांबरी अशा सुंदर नावांच्या जातीही तयार झाल्या. पण एवढं होऊनही त्याचं मन पुरतं पाळीव झालेलं नाही. गावठी कोंबडी अंधार पडला की खुराड्याकडे वळते, तिला कुणी शिकवावं लागत नाही. गिनीला अंधार पडला की उंच झाड आठवतं. तिला खुराडं आठवावं असं वाटत असेल तर ती आठवण आपण तयार करायची असते. आणि ती तयार व्हायला बंदच ठेवावं लागतं. निदान सहा आठवडे, जमलं तर जास्त. आमची साडेनऊ आठवडे आत होती.

आषाढी एकादशीला दार उघडायचं ठरलं.

बारामतीच्या त्या शेतकऱ्यांना मी फोन केला होता. ते म्हणाले, "सगळ्या सोडू नका. एक सोडा. बाकीच्या आत राहू द्या." दुपारचं खाणं दिलं नाही. साडेपाचला एक मादी उचलून बाहेर ठेवली. मला वाटलं होतं ती हिरवळ पाहून धूम ठोकेल. ती जाळीला चिकटून उभी राहिली आणि जीव तोडून ओरडायला लागली. आतले अकरा आतून, ती बाहेरून. कुठंय? कुठंय? एकमेकींपासून वीतभर अंतरावर, मध्ये फक्त जाळी. दीड तास ती त्या जाळीच्या कडेनं इकडून तिकडे पळत होती. दार सताड उघडं होतं. चार वेळा ती दारावरून पुढे गेली. या पक्ष्याला वळसा घालून आत शिरणं सुचत नाही, जिथे सोबती दिसतात तिथूनच सरळ जायचं असतं. शेवटी ह्यांनी आणि मी दोन लांब बांबू आडवे धरले आणि अगदी हळू, एकेक पाऊल टाकत तिला दारापर्यंत आणलं. हातानं धरायला गेलं की सगळं बिघडतं. बांबू म्हणजे आपले लांब झालेले हात. ती त्यांना भिंत समजते आणि भिंतीच्या कडेनं चालते. आत गेल्याबरोबर मी डबा वाजवला आणि मूठभर राळा टाकला. बारा माना खाली गेल्या आणि आवाज एकदम बंद झाला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. इतके दिवस मी समजत होते की मी त्यांना घर शिकवते आहे. ही शेड, ही दांडी, हा डबा, मी. पण त्या मादीला घराची फिकीर नव्हती. दार उघडं होतं, बाग समोर होती, आणि तिला जायचं होतं ते अकरा जणांकडे. मी तिला परत बोलावलं नव्हतं, त्यांनी बोलावलं होतं. माझं काम एवढंच होतं की बोलावणारं कुणीतरी नेहमी आत असेल हे पाहायचं.

मग ते तसंच केलं. दोन दिवस एक, मग दोन, मग तीन. पुढच्या आठवड्यात निम्म्या बाहेर, निम्म्या आत, आणि दर दिवशी बाहेरचं अर्धं बदलायचं. वेळही हळूहळू वाढवली. आधी संध्याकाळचा तास, मग दुपारपासून, मग सकाळपासून. श्रावण लागला तेव्हा बाराच्या बारा सकाळी जायच्या आणि डबा वाजला की यायच्या. शेडमध्ये बसायला दांडी उंच बांधली होती, डोक्याच्याही वर. खालची दांडी त्यांना आवडत नाही, उंचावर जागा नसली तर त्या झाडच शोधतात. आणि एक छोटा पिवळा बल्ब आत लावलेला असायचा. बाहेर सांज आणि आत काळोख असला की त्या आत पाय ठेवत नाहीत. या एका बल्बचं मोल मला नंतर कळलं.

बाहेर पडायला लागल्यावर त्यांनी शेत माझ्यापेक्षा लवकर पाठ केलं. गावठी कोंबडी उकरते, वाफे विस्कटते. गिनी फारसं उकरत नाही, चालता चालता टिपते. नाकतोडे, किडे, पडलेलं बी. गोठ्याभोवती तर त्या रोज एक फेरी मारायच्याच. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर यावर एक अभ्यास झाला होता, १९९२ साली प्रसिद्ध झाला. जिथे गिनी चरतात तिथे गवतातल्या मोठ्या गोचिडी कमी सापडल्या. आमच्या गोठ्यात मी काही मोजमाप केलं नाही, पण गाईंच्या कानामागे हात फिरवताना मला फरक जाणवतो. अंजिरांचा मीठा बहार आला तेव्हा खालच्या फांद्यांची फळं त्यांनी टोचली, तेही सांगायला हवं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, एकेक फळ आम्ही हातानं जपून उतरवतो, आणि तरीही त्या टोचलेल्या फळांचं मला फार वाईट वाटलं नाही. घोणस पुन्हा एकदा निघाली, पंपाच्या घरामागे. सगळा थवा दहा फुटांवर गोल करून किंचाळत होता. आम्ही पोहोचलो, सर्पमित्राला बोलावलं, आणि तो येईपर्यंत त्या हलल्या नाहीत. सापही हलला नाही.

नव्या वस्तूचं त्यांना फार भय. श्रावणात शेडचं छप्पर गळायला लागलं म्हणून ह्यांनी वर निळी ताडपत्री टाकली. संध्याकाळी डबा वाजला, रांग आली, आणि वीस पावलांवर थबकली. तीच शेड, तोच डबा, तीच मी. त्यांच्या दृष्टीनं घराला कुणीतरी गिळलं होतं. अंधार पडत आला तरी एकही पुढे येईना. शेवटी पावसात शिडी लावून ताडपत्री काढली, तेव्हा आल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही तीच ताडपत्री घडी करून शेडच्या बाजूला ठेवली, रोज एकेक घडी उलगडली, आणि आठवड्यानं वर चढवली. मग चालली.

भाद्रपदात एका संध्याकाळी मोठं वादळ झालं आणि नेमकी डबा वाजवायच्या वेळेला लाइट गेली.

त्या आल्या. रोजच्यासारख्या पळत, दारापर्यंत आल्या. आत काळोख होता. पहिली मादी उंबऱ्याशी थांबली, मान वाकडी करून तिनं आत पाहिलं आणि मागे सरली. मी राळा टाकला, एकीनंही चोच लावली नाही. मी टॉर्च आणायला घरात पळाले. ती माझी चूक. टॉर्चचा झोत अंगावर आला तशा त्या भडकल्या आणि एकापाठोपाठ एक चिंचेवर गेल्या. बाराच्या बारा. वर फांदीवर ओळीनं बसलेल्या दिसत होत्या, पाऊस पडत होता, आणि मी खाली डबा घेऊन उभी.

चिंचेवर बसलेली गिनी रात्री काहीच करू शकत नाही. तिला अंधारात नीट दिसत नाही, ती सहसा उडत नाही, नुसती बसून राहते. आमच्या ओढ्याच्या कड्यात शृंगी घुबडाची जोडी आहे. थंडीच्या रात्री त्यांचा तो खोल, दोन सुरांचा घुमार मला आवडायचा, मी मुद्दाम खिडकी उघडी ठेवायचे. त्या रात्री खिडकी बंद केली तरी तो ऐकू येत राहिला. सकाळी चिंचेखाली ठिपक्यांची पिसं होती. अकरा उरल्या. त्या दिवशी त्या इतक्या भेदरलेल्या होत्या की लाइट आली, बल्ब लागला, तरी शेडकडे फिरकल्या नाहीत. पुन्हा चिंच. तिसऱ्या सकाळी दहा.

शेजारचे एकजण म्हणाले, फास लावू, दोन दिवसांत सापडेल. मी नको म्हटलं. घुबड मारणं किंवा पकडणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, ते तर आहेच. पण आमच्याच तालुक्यात पिंगोरीला २०१८ साली पहिला उलूक महोत्सव झाला. घुबड अपशकुनी नाही, ते उंदीर खाऊन शेतकऱ्याचं धान्य वाचवतं, हे मुलांना कळावं म्हणून. नंतरच्या एका वर्षी मी माझ्या वर्गातली मुलं घेऊन तिथे गेले होते. मुलांनी घुबडांची चित्रं काढली, मुखवटे केले. परतीच्या गाडीत एक मुलगी मला म्हणाली होती, बाई, आता मला रात्री भीती नाही वाटणार. त्या मुलीला तोंड दाखवता येणार नाही असं काही मला करायचं नव्हतं. घुबड त्याच्या पद्धतीनं रात्र जगत होतं. माझ्या कोंबड्या आत असायला हव्या होत्या.

दहाही जणींना दिवसाउजेडी, बांबू धरून, तीन तास खपून शेडमध्ये घातलं. तीन दिवस दार उघडलं नाही. मग पहिल्यापासून. एक बाहेर, नऊ आत. दोन बाहेर, आठ आत. आत्यांनी माळ्यावरचा जुना कंदील काढला, काच राखेनं घासून लख्ख केली आणि रोज सांजेला स्वतः तो शेडमध्ये टांगायला लागल्या. "लाइटीचा काय भरवसा. ह्यो आपल्या हातातला हाय." देवापुढे दिवा लावायच्या आणि मग तिथे. अजून तेच चालू आहे. बल्ब असतो, पण कंदीलही असतो.

हिवाळ्यात माळावर कुत्र्यांनी एक धरली. नऊ झाल्या. पाच माद्या, चार नर. त्यावर मी अधिक लिहीत नाही.

फाल्गुनात अंडी सुरू झाली. म्हणजे व्हायला हवी होती, पण शेडमध्ये एकही दिसेना. गिनी घरात अंडी घालत नाही, गवतात लपवते, आणि साऱ्या माद्या एकाच जागी घालतात. मादीच्या मागे जाऊन ती जागा सापडत नाही, ती आपल्याला भलतीकडेच फिरवते. नराकडे पाहायचं. भर दुपारी एक नर बांधावरच्या घाणेरीच्या झुडपापाशी तासभर उगीच उभा दिसला. घाणेरीत हात घातला तर चोवीस अंडी होती. मी पंधरा उचलली, नऊ ठेवली. सगळी काढली की त्या जागा बदलतात. अंड्याच्या आकाराच्या मानानं त्यांचा बलक मोठा असतो, आणि कवच फोडताना सुरीची पाठ वापरावी लागते.

उन्हाळाभर असं चाललं. मग परवा, वैशाखातल्या एका संध्याकाळी, डबा वाजला, रांग आली, आणि मी मोजलं तर आठ.

पुन्हा मोजलं. आठ. शेडमध्ये जाऊन दांडीखाली पाहिलं. मन थेट चिंचेकडे गेलं, मग माळावरच्या कुत्र्यांकडे. आठही जणी दारात उलट्या तोंडानं उभ्या राहून ओरडत होत्या, कुठंय, कुठंय. एक नर तर आत येऊन परत बाहेर पळाला, बांधाच्या दिशेनं दहा-वीस पावलं गेला, पुन्हा कंदिलाकडे आला. तेव्हा मला कळलं. आम्ही बॅटरीवर कापड गुंडाळून, झोत जमिनीवर धरून घाणेरीपाशी गेलो. ती अंड्यांवर बसली होती. पंख पसरलेले, मान आत ओढलेली. जवळ गेले तशी ती फिस्कारली, पण उठली नाही.

आत्यांचं म्हणणं, पाटीत घालून अंड्यांसकट आत आणा. ह्यांनी फोन करून बारामतीला विचारलं. ते म्हणाले, हलवलीत की ती अंडी सोडते, बहुतेक वेळा. राहू दे तिथेच, भोवती काहीतरी करा. जवळजवळ चार आठवडे ती तिथे उघड्यावर बसणार. मुंगूस आहे, कोल्हा आहे, ओढ्यातली जोडी आहे. रात्री आठ वाजता आम्ही दोघांनी बाभळीच्या काटेरी फांद्या ओढून आणल्या आणि घाणेरीभोवती दाट रचल्या, वरूनही झाकल्या, तिला दिवसा बाहेर पडता येईल एवढी एकच फट ठेवून. हात ओरबाडले. ती आतून आमच्याकडे बघत होती, एक डोळा, स्थिर.

काम चालू असताना मागून शेडमधून हाका चालूच होत्या. आठ आवाज, अंधारात, थांबायलाच तयार नाहीत. एरवी त्यांतल्या कुणालाही अशी हाक ऐकू आली की ती कुठूनही ओरडून ओ देते. मीही थांबून वाट पाहिली. घाणेरीतून काहीच आवाज आला नाही. अंड्यावर बसलेली मादी गप्प राहते, हे मी वाचलेलं होतं. तिला ऐकू येत होतं, हे मला तिच्या मानेवरून दिसत होतं. दर हाकेला मान किंचित शेडकडे वळायची आणि पुन्हा अंड्यांवर यायची.

शेडपाशी परत आले. कंदील अजून तेवत होता. आत्या दारात पाटावर बसून राहिल्या होत्या, मोजणी झाल्याशिवाय दार लावू द्यायचं नाही म्हणून. "किती?" त्यांनी विचारलं.

"आठ," मी म्हटलं. "आणि बांधावर एक."

त्यांनी मान हलवली आणि कडी घातली.